पेढीच्या घराण्यातला व्हाइसरॉय

भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या माणसाला कर्जाचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत सरकारशी झालेल्या करारान्वये अडीच टक्के व्याजाने मिळालेल्या आणि बारा वार्षिक हप्त्यांनी फेडावयाच्या कर्जावर येथील पोलादाचा कारखाना उभा राहिला व त्याच्या आश्रयाने सेक्टरांची ही आखीव वसाहत वसली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग लंडनच्या भांडवलावर हाती घेतला होता. परदेशी द्रव्य ज्या भूमीत इतके खोल मुरले आहे, तेथे बसून त्या द्रव्याच्या मालकांपैकी ज्याच्या हाती काही काळ आपल्या देशाचे भवितव्य आले, अशा एका पुरुषाचे चरित्र न्याहाळावे असे मला फार दिवस वाटत होते. तो पुरुष म्हणजे थॉमस जॉर्ज बेअरिंग, लॉर्ड नॉर्थब्रूक, १८७२ ते १८७६ या काळातील हिंदुस्थानचा व्हाइसरॉय.

बेअरिंग घराण्याचा मूळ पुरुष ब्रेमेनहून १७१७ साली एक्झिटरला आला आणि लोकरीच्या व्यापारात स्थिरावला. त्याच्या मुलांनी १७६२ साली लंडनमध्ये पेढी घातली, आणि त्यांपैकी फ्रान्सिस हा पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष व सर फ्रान्सिस झाला. १८०३ साली अमेरिकेने नेपोलियनकडून लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला, तेव्हा त्या व्यवहाराचे रोखे खपविण्याचे काम याच पेढीने अॅमस्टरडॅमच्या होप कंपनीबरोबर केले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपलेले असताना इंग्रज सावकाराच्या मध्यस्थीने फ्रान्सच्या तिजोरीत पैसा पडावा, यावरून पेढीची पत राज्यांच्या वैराहून किती बलवत्तर होती हे ध्यानात येते. सर फ्रान्सिसचा पणतू असलेला आपला नॉर्थब्रूक स्वतः पेढीवर बसला नाही. त्याचा पिता इंग्लंडचा अर्थमंत्री होता. पुत्राने ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून पार्लमेंट गाठले आणि हिंदुस्थान, युद्ध व गृह या खात्यांत दुय्यम मंत्रिपदे भूषविली. अंदमानात लॉर्ड मेयोचा खून झाल्यावर मे १८७२ मध्ये तो कलकत्त्यास दाखल झाला, तेव्हा खासगी चिटणीस म्हणून त्याने आपलाच एक भाऊबंद, एव्हलिन बेअरिंग, बरोबर आणला होता. हाच पुढे हिंदुस्थानचा अर्थमंत्री आणि नंतर इजिप्तचा सर्वाधिकारी लॉर्ड क्रोमर झाला.

सावकाराच्या घरात वाढलेला मनुष्य हात आखडता घेणार, असा लोकांचा अदमास असतो, आणि प्रारंभी नॉर्थब्रूकने तो खराही केला: नव्या कायदेकानूंची धांदल थांबविली, अप्रिय झालेला आयकर १८७३ मध्ये संपू दिला, आणि प्रजेला उसंत द्यावी हेच आपले धोरण असल्याचे दाखवून दिले. परंतु त्याच वर्षी बंगाल आणि बिहारात पावसाने दगा दिला, आणि या मितव्ययी पुरुषाचे खरे अंतःकरण उघड झाले. या प्रसंगी त्याच्याजवळ जे दोन अधिकारी होते ते दोघेही पूर्वी नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले, म्हणजे एका अर्थी आमच्याच मुलखाचे कारभारी: बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कॅम्पबेल आणि सर रिचर्ड टेंपल. धान्याची निर्यात बंद करावी ही कॅम्पबेलची सूचना नॉर्थब्रूकने व्यापारस्वातंत्र्याच्या तत्त्वास धरून नाकारली, ही त्याच्या घराण्याची शिकवण. पण तेवढ्यावर न थांबता त्याने सरकारी खर्चाने ब्रह्मदेशातून सुमारे पावणेपाच लाख टन तांदूळ आणवून टेंपलकरवी गावोगाव पोहोचविला. सहा कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, बराच तांदूळ शिल्लक उरला, आणि दुष्काळाने मेलेली माणसे फारच थोडी होती. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या दुष्काळांचा इतिहास ज्याने वाचला असेल, त्याला या वाक्याचे मोल समजेल. शिल्लक तांदळाचा हिशेब मांडून विलायतेत या खर्चाला उधळपट्टी ठरविण्यात आले. माझ्या मते त्या पाच-सहा दशकांत इंग्रज सरकारने केलेला इतका योग्य खर्च दुसरा नाही.

महाराष्ट्राला मात्र नॉर्थब्रूकचे नाव आठवते ते बडोद्याच्या प्रकरणामुळे. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला, मल्हारराव गायकवाड यांना जानेवारीत अटकेत ठेवण्यात आले, आणि चौकशीसाठी सर रिचर्ड काउच यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे कमिशन बसले. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी, म्हणजे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने बॅलंटाइन हा विलायतेतील नामांकित वकील उभा राहिला. इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत मानला, हिंदी सभासदांनी मानला नाही. सहाच्या सहा मतांची अशी वाटणी झाल्यावर न्यायाच्या रूढ मार्गाने मल्हाररावांना शिक्षा देणे अशक्य झाले, तेव्हा सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले. चौकशीस बसविलेल्या हिंदी सभासदांच्या मताचा मान असा कागदावरच राहिला, ही गोष्ट त्या काळच्या मराठी मनाला फार लागली, आणि ती लागणे रास्तच होते. तरीही नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा भाग असलेल्या छत्तीसगडात राहून मी दुसरीही गोष्ट विसरू शकत नाही. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले तेव्हा डलहौसीने दत्तक नाकारून सारे राज्य, आणि त्याबरोबर हा प्रदेश, खालसा केला होता. बडोद्यात मात्र खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेऊ देण्यात आले, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला जाऊन सयाजीराव म्हणून गादीवर आला. त्याच सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली. तिकडे बेअरिंगांची पेढी मात्र १८९० साली अर्जेंटिनाच्या कर्जांत बुडता बुडता वाचली व १९९५ मध्ये एका पौंडास विकली गेली.

१८७५ च्या त्याच मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून गहाणखते, कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या व पेटवून दिल्या. अमेरिकेतील यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव उतरले होते, नव्या जमाबंदीने सारा वाढला होता, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा हाती घेऊन सावकार जमिनीवर बोजा चढवीत होता. पुढे चौकशी झाली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कर्जरोख्याच्या पवित्रतेवर ज्याच्या घराण्याचे सारे वैभव उभे होते, त्याच्याच कारकिर्दीत कुणब्याने रोखा हा शत्रू म्हणून ओळखला, आणि राज्याची पत उत्तम सांभाळणाऱ्या व्हाइसरॉयला रयतेची पत कशी धुळीस मिळत आहे हे वेळीच दिसले नाही, ही माझ्या दृष्टीने त्याच्या कारकिर्दीतील खरी उणीव होय.

मँचेस्टरच्या हितासाठी विलायती कापडावरील जकात काढून टाकावी हा विलायतेतील भारतमंत्री सॅलिसबरीचा आग्रह त्याने मानला नाही. अफगाण धोरणावरही दोघांचे पटले नाही. आणि १८७६ च्या एप्रिलमध्ये तो लिटनच्या हाती सूत्रे देऊन परतला. त्याच वर्षी दख्खनेत दुष्काळ पडला. लिटनने दौऱ्यावर धाडलेला अधिकारी पुन्हा टेंपलच होता. पण बिहारच्या खर्चाबद्दल बोल लागलेल्या टेंपलने या वेळी मजुराला दिवसाला एक पौंड धान्याचे प्रमाण बांधले, आणि त्या प्रमाणाविरुद्ध मुंबई इलाख्यातील मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून माहिती मिळवून सरकारला एकामागून एक खलिते लिहिले. जो खर्च १८७४ मध्ये उधळपट्टी ठरला, तो टाळल्याने काय होते हे लाखो प्रेतांनी सिद्ध केले.

नॉर्थब्रूक १९०४ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूच्या चार वर्षे आधी, १९०० सालच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात, दुष्काळात सापडलेल्या मध्यप्रांतात सरकारने पुन्हा एकदा मुठी सैल सोडल्या. छत्तीसगडासह या प्रांतातील वीस लाखांहून अधिक माणसे एका वेळी सरकारी कामांवर आणि अन्नछत्रांत पोसली जात होती, आणि तेव्हा मात्र त्या खर्चाला उधळपट्टी म्हणण्याचे धार्ष्ट्य फारसे कोणाला झाले नाही.