उपासाच्या ताटातले पाहुणे

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो, आणि ती खोटीही नाही. आषाढी असो की महाशिवरात्र, सकाळपासून घरात दाणे भाजल्याचा वास सुटतो. रात्री भिजवलेला साबुदाणा टपोरा फुगलेला असतो. बटाटे उकडतात, मिरच्या चिरल्या जातात आणि राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा खाली निघतो. दिवाळीला फराळ, संक्रांतीला तिळगूळ, तशी एकादशीला खिचडी. फार जुनी चाल आहे, असे आपण धरून चालतो.

पण वाचकहो, क्षणभर असा विचार करून पाहा. ज्ञानेश्वरांच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, एकादशी होती, पंढरीची वारी होती, उपासही होता. मग तेव्हा खिचडी असेल का? नव्हती, असणे शक्यच नव्हते. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला, वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यानंतरच या पाहुण्यांना आपल्याकडची वाट सापडली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे मोठे रसभरित वर्णन आहे. पण त्या राजाच्याही ताटात ना बटाटा होता, ना मिरची.

हे पाहुणे कुठून आले, ते पुष्कळदा त्यांची नावेच सांगतात. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपण जसाच्या तसा उचलला. मिरची आली तेव्हा तिला नाव नव्हते. तिखटासाठी आपल्याकडे मिरी होती, म्हणून मिरीवरून झाली मिरची. शेंगदाण्याची शेंग जमिनीत लागते, दाणा कडधान्यासारखा. म्हणून त्याचे झाड झाले भुईमूग. घरात आलेल्या परक्या मुलाला आपल्या आजोबांचे नाव ठेवावे, तसाच हा प्रकार.

साबुदाण्याची गोष्ट तर अगदी अलीकडची. मूळ साबुदाणा हा मलाया आणि त्याच्या आसपासच्या बेटांवरील एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढतात. तिकडे त्याला ‘सागू’ म्हणतात. त्याचेच आपण साबू केले. हा माल जहाजाने आपल्याकडे येई आणि आजाऱ्याला पेज म्हणून दिला जाई. इकडे केरळात टॅपिओका हा अमेरिकेतला कंद पोर्तुगीजांनी आणून सोडला होता. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880 ते 1885 या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले, कारण तांदूळ कमी पडला तर गरिबाचे पोट त्यावर भरे. पुढे दुसरे महायुद्ध आले. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती गेले आणि तिकडून येणारा माल थांबला. मग 1943 च्या सुमारास तामिळनाडूतील सेलम भागात या टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. कंद सोलून धुवायचे, किसून त्यांचे दूध काढायचे, ते दूध निवळू द्यायचे, तळाशी बसलेल्या ओल्या पिठाला हेलकावे देऊन त्याच्या गोळ्या वळवायच्या आणि त्या भाजून वाळवायच्या. आपल्या पातेल्यात पडतो तो हा साबुदाणा. तेव्हा ज्याला आपण सनातन म्हणतो, तो आपल्या आजीपणजीच्या आयुष्यात आलेला आहे!

राजगिऱ्याचे तर आणखी नवल. उपासाला चालणारे हे बारीक दाणे मूळ मेक्सिकोकडचे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. तिथले ॲझ्टेक लोक सणाच्या दिवशी या पिठाची मधात मळून देवाची मूर्ती करीत आणि नंतर ती मोडून, तुकडे वाटून खात. म्हणजे प्रसादच की! स्पॅनिश लोकांनी 1521 मध्ये त्यांचे राज्य जिंकले, आणि हा मूर्तिपूजेचा प्रकार म्हणून त्यावर त्यांची वक्रदृष्टी झाली. तरी तिकडे आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या काकवीत घोळून वडी करतात. तिचे नाव आहे ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपली राजगिऱ्याची चिक्की आणि ही वडी शेजारी शेजारी ठेवली, तर कोणती कुठली हे ओळखणे कठीण जाईल.

आता खरा प्रश्न असा की, इतके परके जिन्नस उपासासारख्या सोवळ्या जागी शिरले कसे? एरवी कांदालसूण बाहेर ठेवणाऱ्या स्वयंपाकघराने यांना दार उघडले कशाला? याचे उत्तर नियमातच आहे. व्रत कशाने मोडत नाही, हे सांगणारे एक जुने वचन महाभारतात आहे. पाणी, मूळ, फळ, दूध यांनी व्रत मोडत नाही, असे ते सांगते. वर्ज्य आहे ते नांगरलेल्या शेतातले अन्न. गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी. बटाटा जमिनीखालून निघाला, तो झाला कंद. रताळेही कंद, साबुदाणा कंदाचा. पपई आणि अननस ही फळेच. नियमाने कुणाची जात विचारली नाही, गाव विचारले नाही. एवढेच पाहिले, की हे धान्य आहे की कंदमूळ? नियम जुना राहिला आणि ताट नवे झाले.

पण या गर्दीत आपला एक जुना माणूस मागे सरकला, त्याची आठवण ठेवायला हवी. ती म्हणजे वरी. आपण तिला भगर म्हणतो. न नांगरता उगवणाऱ्या नीवार, श्यामाक अशा तृणधान्यांना आपल्याकडे ‘मुन्यन्न’ म्हणत, मुनींचे अन्न. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वाच्या आश्रमातील झाडांखाली नीवाराचे दाणे सांडलेले दिसतात, ते उगीच नव्हे. वरी ही त्याच घराण्यातली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, त्या दिवशीही तीच उपयोगी पडते. आज ती सह्याद्रीच्या उतारावर ठाकर, महादेव कोळी, वारली अशा लोकांच्या शेतात नागलीच्या जोडीने पिकते. त्यांच्या घरी ते रोजचे जेवण आहे. त्यांची रोजची भाकरी आणि पेज ज्या मातीतून येते, तिथूनच आपले वर्षातून चार दिवसांचे पुण्य येते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले, तेव्हा शहरांतून या धान्यांचे कौतुक झाले. पण डोंगरावरच्या बाईने ती वरी उखळात कांडली होती, तेव्हा तिचे कौतुक कोणी केले होते?

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक अशी, की ‘उपासाला हे चालतं, ते चालत नाही’ यावरून घरात वाद घालू नये. एका घरी कोथिंबीर चालते, दुसऱ्या घरी जिरेही चालत नाही. नवी सून माहेरची रीत घेऊन येते आणि पहिल्याच एकादशीला तिला बोलणी बसतात. ज्या बटाट्यासाठी आपण पाचशे वर्षांत दार उघडले, त्या दारातून सुनेची चिमूटभर कोथिंबीर आत येऊ नये, हे काही बरे नव्हे. दुसरी गोष्ट, पुढच्या एकादशीला खिचडीबरोबर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करावी, शिंगाड्याची लापशी करावी, सुरणाचे काप करावेत. यजमान आणि पाहुणे एकाच पंगतीला बसतील. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून ठेवावे, की त्यांच्या लहानपणी उपासाला काय असायचं. ती यादी आपल्यापेक्षा वेगळी निघेल. ती वहीत लिहून ठेवा. पुढे कुणीतरी तिची वाट पाहत असेल.