चिपवरील प्रकाशीय मार्गनियोजन साधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकाच्या चिपवरील माहिती धातूच्या सूक्ष्म तारांतून वाहते. एकाच चिपवरील गणनकेंद्रांची संख्या वाढत गेली, तसा माहितीच्या वहनासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा प्रश्न तीव्र झाला. चिपच्या आतच प्रकाशाने संदेशवहन करावे, असा त्यावरील एक उपाय होता. त्यासाठी लागणारी साधने सिद्ध होऊनही प्रकाश प्रोसेसरच्या अंतर्भागात का रुळला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उगम :
१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या स्टुअर्ट मिलर यांनी प्रकाशीय घटक एकाच पट्टीवर बसविण्याच्या कल्पनेस ‘इंटिग्रेटेड ऑप्टिक्स’ हे नाव दिले. १९८४ मध्ये जोसेफ गुडमन व सहकाऱ्यांनी चिपमधील जोडणीसाठी प्रकाशाचा विचार मांडला. विद्युत्भारवाहकांची संख्या बदलल्यास सिलिकॉनचा अपवर्तनांक किती बदलतो, हे १९८७ मध्ये सोरेफ व बेनेट यांनी दाखविले. सिलिकॉनमध्येच प्रकाश नियंत्रित करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

साधनाचे स्वरूप :
या साधनाचा गाभा म्हणजे प्रकाशवाहिनीलगतचे सूक्ष्म वलय. वलयाच्या परिघात ज्या तरंगलांबीच्या पूर्ण लहरी बसतात, तोच प्रकाश वलयात शिरून दुसऱ्या वाहिनीकडे वळतो. इतर प्रकाश सरळ जातो. अपवर्तनांक बदलला की रेल्वेच्या सांध्याप्रमाणे मार्ग बदलतो. कॉर्नेल विद्यापीठात मिशल लिप्सन यांच्या गटाने २००५ मध्ये अवघ्या १२ मायक्रोमीटर व्यासाच्या वलयाने प्रकाशावर विद्युत् संदेश उमटवून दाखविला.

उष्णतेचा प्रश्न :
सिलिकॉन वलयाची तरंगलांबी प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. चिपचे तापमान तर सतत बदलते. म्हणून वलये जागेवर ठेवण्यासाठी त्यांना तापवीत राहावे लागते आणि वाचविलेली ऊर्जा तेथे खर्च होते. मुंबई विद्यापीठाचे अभियांत्रिकी पदवीधर अजय जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या प्रश्नाकडे रचनेच्या बाजूने पाहिले. प्रत्येक केंद्र प्रत्येकाशी थेट जोडण्याऐवजी, चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन केंद्रांसाठी मांडलेली टप्प्याटप्प्यांची जोडणी त्यांनी ६४ केंद्रांच्या चिपसाठी स्वीकारली. तीत प्रकाशशक्ती, वलये तापविण्याची ऊर्जा व जागा या तिन्हींची बचत होते, असे त्यांच्या गणिती विश्लेषणातून दिसून आले.

निष्कर्ष :
२०१५ मध्ये ७ कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर व ८५० प्रकाशीय घटक असलेली चिप तयार झाली. परंतु तिच्यातील प्रकाश प्रोसेसर व स्मृती यांच्यामधील संदेशवहनासाठी होता. २०२५ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या नेटवर्क स्विचमध्येही सूक्ष्म वलये आहेत, तीही चिपबाहेर जाणाऱ्या संदेशांसाठीच. यावरून असे म्हणता येईल की, येथे निर्णायक ठरला तो प्रकाशाचा वेग नसून ऊर्जेचा एकूण हिशेब होय. अंतर जितके मोठे, तितका तो हिशेब प्रकाशाच्या बाजूने झुकतो. म्हणूनच प्रकाश चिपच्या उंबरठ्यापर्यंत आला आणि तेथेच स्थिरावला.