चिठ्ठीवर न लिहिलेले बेट

उत्क्रांतीचा पाठ आला की गॅलापागोस बेटांवरचे फिंच पक्षी हटकून येतात. त्यांच्या चोची पाहताच डार्विनला सारे उमगले, असे आपण वर्गात सांगतो. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

१८३५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डार्विन तेथे पाच आठवडे होता. त्याने फिंच जमवले. पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे बहुतेक चिठ्ठ्यांवर लिहिलेच नाही. सारख्याच हवामानाच्या, जवळजवळच्या बेटांवर निरनिराळे प्राणी असतील, असे त्याच्या मनातही आले नव्हते. कासव पाहून त्याचे बेट ओळखता येते, हे तेथील कारभारी लॉसन यांचे बोलणेही त्याने आधी मनावर घेतले नाही.

मॉकिंगबर्ड पक्ष्यांची नोंद मात्र त्याने बेटवार ठेवली होती. १८३७मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी ते तपासले आणि सांगितले, की हे एकाच पक्ष्याचे प्रकार नसून तीन स्वतंत्र जाती आहेत. मग फिंचांची बेटे शोधण्यासाठी डार्विनला कप्तान फिट्झरॉय व इतर सहप्रवाशांचे संग्रह धुंडाळावे लागले!

बेटाला एवढे महत्त्व का? बाहेरून आलेले मोजके पक्षी बेटाबेटांवर विखुरतात. मध्ये समुद्र असल्याने त्यांचा आपसांत संकर होत नाही. प्रत्येक गटात पिढ्यान्‌पिढ्या होणारे बदल त्या गटातच साचत जातात. पुढे कधी हे गट एकत्र आले, तरी त्यांचे जुळेनासे होते. नवी जात ती हीच.

अडसर समुद्राचाच हवा असे नाही. मॉरिट्झ वाग्नर यांना १८३०च्या दशकात अल्जीरियात नद्यांच्या दोन तीरांवर न उडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या वेगवेगळ्या जाती आढळल्या. अलगपणावाचून नवी जात होतच नाही, असे त्यांनी १८६८मध्ये मांडले. डार्विनला अलगपणाचे महत्त्व मान्य होते, पण तो अनिवार्य आहे हे पटले नाही. १९४२मध्ये अर्न्स्ट मायर यांनी भरपूर पुरावे देऊन भौगोलिक अलगपणाला मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. अलगपणाशिवायही क्वचित नव्या जाती होतात, हे आता ठाऊक आहे; तरी मुख्य वाट तीच.

विद्यार्थी पाने, शिंपले, किडे गोळा करतात तेव्हा नाव ठाऊक नसले तरी चालेल. ते पुढे कोणी सांगेल. ठिकाण आणि तारीख मात्र तेव्हाच लिहायला हवी.