२९ सप्टेंबर : सालामिसची आरमारी लढाई
इ.स.पू. ४८० मध्ये सालामिस बेटाजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत ग्रीक आरमाराने बलाढ्य इराणी आरमाराची दाणादाण उडवली. या लढाईची तारीख साधारणपणे २९ सप्टेंबर मानली जाते. अथेन्सच्या लॉरियम खाणीतली चांदी नागरिकांत वाटून न टाकता तिच्यातून जहाजे बांधावीत, हा तिथला नेता थेमिस्टोक्लीस याचा आग्रह या लढाईत कामी आला. दोन्ही बाजूंना वल्ह्यांच्या तीन-तीन रांगा, १७० वल्हेकरी आणि नाळेवर काशाची टोकदार सोंड असलेली ही जहाजे वेगाने धडक देऊन शत्रूच्या जहाजाची कूस फोडत. अरुंद जागेत इराणी जहाजे एकमेकांवर आदळली. इराणचा सम्राट झर्क्सिस किनाऱ्यावरून हा पराभव पाहत होता. वल्ही मारणाऱ्यांत अथेन्सचे गरीब नागरिक मोठ्या संख्येने होते. त्यांच्याच बाहुबळावर अथेन्स सागरी सत्ता बनले आणि तिथल्या लोकशाहीत त्यांचे वजन वाढले.