घरातील सर्व उपकरणांसाठी एकच जाहिरात-रोधक : ‘पाय-होल’ची कंटेनरमधील मांडणी

आज एका घरात इंटरनेटला जोडलेली पाच-सात उपकरणे सहज आढळतात. त्या प्रत्येकावर जाहिराती अवतरतात आणि त्यांच्या आडून, कोण काय पाहते याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणाही काम करीत असतात. संगणकाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारी जोडणी बसविता येते. परंतु दूरचित्रवाणी संचात आणि मोबाईलवरील अनेक ॲपमध्ये तशी सोय नसते. अशा वेळी घराच्या उंबरठ्यावरच एक द्वारपाल नेमता येतो. ‘पाय-होल’ ही अशीच एक विनामूल्य व मुक्तस्रोत प्रणाली होय. ती घरगुती सर्व्हरवर कशी बसवावी, तिची शक्ती कोठपर्यंत चालते आणि ती चालविणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

कार्याचे तत्त्व

इंटरनेटवरील प्रत्येक संकेतस्थळाला नावाबरोबरच अंकांनी बनलेला एक पत्ता असतो. माणूस नाव लक्षात ठेवतो, यंत्राला मात्र अंकच लागतात. आरंभीच्या काळात जोडलेल्या सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच फाईलमध्ये लिहिलेले असत. संगणकांची संख्या वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली, म्हणून पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली ‘डीएनएस’ ही नाव-पत्त्यांची विभागलेली व्यवस्था मांडली.

पाय-होल याच व्यवस्थेचा उपयोग करते. जेकब सालमेला यांनी २०१४ साली हा प्रकल्प सुरू केला. घरातील उपकरण ‘अमुक नावाचा पत्ता काय?’ असे विचारते तेव्हा तो प्रश्न प्रथम पाय-होलकडे येतो. ते नाव जाहिरात पुरविणाऱ्यांच्या यादीत असेल, तर ‘०.०.०.०’ हा निरुपयोगी पत्ता उत्तरादाखल मिळतो आणि जाहिरात घरात येतच नाही. नाव यादीत नसेल, तर प्रश्न बाहेरच्या डीएनएस सेवेकडे पाठविला जातो व खरे उत्तर परत येते. पानातील मजकूर या प्रणालीतून वाहत नाही, केवळ पत्त्यांची विचारणा वाहते. म्हणूनच ५१२ मेगाबाइट स्मृती असलेला लहानसा रास्पबेरी पाय किंवा एखादा जुना लॅपटॉपही या कामास पुरतो.

कंटेनर कशासाठी?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉकर’ने कंटेनरची पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली. कंटेनर म्हणजे एखादी प्रणाली व तिला लागणारे सर्व साहित्य एका स्वतंत्र पेटीत बंद करून चालविणे. याचा लाभ असा की सर्व्हरवरील इतर कामांना धक्का लागत नाही, आणि नवी आवृत्ती हवी असल्यास जुनी पेटी काढून नवी ठेवता येते. मात्र पेटीबरोबर आतील नोंदीही नष्ट होतात. त्यासाठी पाय-होलच्या मांडणीचा फोल्डर सर्व्हरच्या डिस्कवरील कायमच्या फोल्डरशी जोडून ठेवणे अत्यावश्यक आहे.

मांडणीचा क्रम

१. सर्व्हरचा घरातील पत्ता कायम करावा. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवता येतो. द्वारपालच जागा बदलू लागला, तर घरातील उपकरणांनी विचारावे कोणाला?

२. डीएनएसचे काम ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. उबुंटू प्रणालीत हा पोर्ट बहुधा ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ या सेवेने आधीच अडविलेला असतो व कंटेनर सुरूच होत नाही. त्या सेवेच्या मांडणीतील ‘डीएनएस स्टब लिसनर’ हा पर्याय बंद करावा. त्यानंतर सर्व्हरला स्वतःला पत्ते शोधता यावेत यासाठी त्याच्या ‘रिझॉल्व्ह’ फाईलचा दुवाही योग्य ठिकाणी वळवावा.

३. डॉकर कंपोजच्या फाईलमध्ये पाय-होलची अधिकृत प्रतिमा नमूद करावी. ५३ क्रमांकाचा पोर्ट टीसीपी व यूडीपी या दोन्ही पद्धतींसाठी खुला करावा. व्यवस्थापनाच्या पानासाठी ८० क्रमांकाचा पोर्ट लागतो. तो अन्य सेवेकडे असल्यास सर्व्हरवरील दुसरा क्रमांक त्याला जोडावा. भारतातील घरासाठी वेळेचा विभाग ‘आशिया-कोलकाता’ ठेवावा, पासवर्ड ठरवावा आणि वीज परतताच कंटेनर आपोआप सुरू होईल असा पर्याय द्यावा.

४. कंटेनरच्या अंतर्गत जाळ्याला घरातील उपकरणे परकी वाटतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न नाकारले जाण्याचा संभव असतो. यास्तव सर्व दिशांनी येणारे प्रश्न ऐकण्याचा पर्याय निवडावा. परंतु राउटरमधून ५३ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या जगासाठी कदापि उघडू नये. अशा उघड्या सेवांचा वापर इतरांवर हल्ले करण्यासाठी होतो.

५. शेवटी राउटरच्या डीएचसीपी विभागात डीएनएस म्हणून सर्व्हरचा पत्ता लिहावा. दुसऱ्या रकान्यात बाहेरच्या सेवेचा पत्ता लिहिण्याचा मोह टाळावा. उपकरणे दुसऱ्या पत्त्याला केवळ अडीअडचणीलाच विचारतात असे नाही. ती केव्हाही तिकडे वळतात आणि जाहिराती त्या वाटेने आत येतात. राउटर आयपीव्ही-६ पद्धतीने स्वतःचा वेगळा डीएनएस देत असेल, तर तीही वाट तपासावी.

उपकरणे एकदा जाळ्यातून काढून पुन्हा जोडली की नवी मांडणी लागू होते. व्यवस्थापनाच्या पानावर प्रश्नांची नोंद दिसू लागली, म्हणजे काम साधले असे समजावे.

मर्यादा

ही प्रणाली केवळ नाव पाहून निर्णय घेते. मजकूर आणि जाहिरात एकाच नावाखालून येत असतील, तर तिला भेद करता येत नाही. यूट्यूबवरील जाहिराती तिच्याने थांबत नाहीत त्या याच कारणाने. काही ब्राउझर आपले प्रश्न सांकेतिक रूपात थेट बाहेर पाठवितात. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ‘खासगी डीएनएस’ ही सोयही आली आहे. अशी उपकरणे द्वारपालाला वळसा घालून जातात. घराबाहेर मोबाईलच्या डेटावर तर हे संरक्षण मुळीच मिळत नाही. फसव्या जाहिरातींना बऱ्याच अंशी आळा बसतो. तथापि व्हॉट्सॲपवर आलेला भामट्याचा संदेश ही प्रणाली अडवीत नाही. तेथे सावधगिरी हाच उपाय.

याखेरीज, सर्व्हर बंद पडला की घरातील इंटरनेटही बंद पडल्यासारखे भासते. वीज वारंवार जात असेल तेथे राउटरबरोबर सर्व्हरलाही बॅटरीचा आधार द्यावा. राउटरमधील मूळ डीएनएस पत्ता कागदावर लिहून ठेवावा आणि तो पूर्ववत कसा करावयाचा, हे घरातील आणखी एका व्यक्तीस शिकवावे. एखाद्या बँकेचे वा शाळेचे पान उघडेनासे झाले, तर नोंदीत अडलेले नाव शोधून त्यास परवानगी द्यावी.

नोंदवहीची जबाबदारी

सर्वांत गंभीर विषय अखेरीस मांडतो. जाहिरातदारांनी आपली टेहळणी करू नये म्हणून आपण ही प्रणाली आणतो. पण घरातील कोणत्या उपकरणाने कोणत्या वेळी कोणते नाव विचारले, याची नोंद आता तीच ठेवू लागते. व्यवस्थापनाचे पान ज्याच्या हाती, त्याला पत्नीचा वैद्यकीय शोध, तरुण मुलीचे मन, वृद्ध वडिलांची चिंता यांचा अंदाज बांधता येतो. बाहेरची टेहळणी थांबवून घरातली सुरू करावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रणालीत गोपनीयतेच्या चार पायऱ्या दिलेल्या आहेत. मांडणी सुरळीत होताच वरची पायरी निवडावी, म्हणजे संकेतस्थळांची व उपकरणांची नावे झाकली जातात. मुलांसाठी वेगळे नियम हवे असतील, तर उपकरणांचे गट पाडता येतात. तसे केल्यास ते मुलांना सांगूनच करावे.

दुसरी बाजूही विसरू नये. अनेक वृत्तपत्रे व लहान संकेतस्थळे जाहिरातींच्या उत्पन्नावर वाचकांना मोफत मजकूर देतात. ज्यांच्या श्रमाचा आपणांस नित्य लाभ होतो, त्यांची वर्गणी भरावी, किंवा त्यांच्या जाहिरातींची वाट मोकळी ठेवावी. त्यासाठी पाय-होलच्या परवानगी-यादीत जाहिरात पुरविणाऱ्यांच्या नावांची भर घालावी लागते.