डनलॉप घराण्याचा शोक

धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आपल्या नित्याच्या वहिवाटीचा. उत्तर आयर्लंडात अशाच वहिवाटीच्या रस्त्यांवर, घरांच्या भिंतींजवळून, मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तेथील बॅलिमनी गावच्या जोई डनलॉप याने आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यती २६ वेळा जिंकल्या. २ जुलै २००० रोजी एस्टोनियातील टालिन येथे, पावसाने ओल्या झालेल्या मार्गावर, झाडांवर आदळून त्याचा अंत झाला. अंत्ययात्रेस सुमारे ५०,००० माणसे लोटली. पुढे मे २००८ मध्ये धाकटा भाऊ रॉबर्टही सरावात गेला. आणि दोनच दिवसांनी रॉबर्टचा पुत्र मायकेल त्याच मार्गावर उतरून जिंकला. आपल्याकडे सुतकात चूलही थंडावते. त्या पुत्राने शोक रस्त्यावरच केला. ही निष्ठा की हट्ट, हे ठरविण्याचा अधिकार मात्र घरी वाट पाहणाऱ्यांचाच आहे.