पॅरिसहून आलेली लक्ष्मी

रोज ऑफिसला लावायची लिपस्टिक ऑनलाइन निवडताना स्क्रीनवरचा ‘न्यूड’ ओठांवर भलताच दिसतो ना? आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत हेक्स कोड एकच, पण खालचा ओठांचा रंग प्रत्येकीचा वेगळा. म्हणून टेस्टर मनगटावर नको, बोटाच्या टोकावर लावा आणि उजेडात बघा.

हा ‘आपला रंग’ दुकानात आला कसा? १९५२ साली टाटांच्या तेल-साबणवाल्या टॉम्कोनं लॅक्मे काढली. परदेशी मेकअपवर परकीय चलन जातंय म्हणून नेहरूंनीच जेआरडींना गळ घातली, असं सांगतात. नाव मात्र फ्रेंच, डेलीबच्या १८८३ च्या ऑपेरातल्या नायिकेचं. आणि ती कोण? भारतातल्या एका पुरोहिताची मुलगी! लॅक्मे म्हणजे आपली लक्ष्मीच, पॅरिसला जाऊन आलेली.

१९६१ मध्ये जिनिव्हाच्या सिमोन टाटा संचालक मंडळावर आल्या. भारतीय त्वचेला शोभेल असा मेकअप बाजारात रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात. मला नेहरूंच्या किश्श्यापेक्षा हे मोठं वाटतं. आयात केलेल्या गोऱ्या शेड्स सावळ्या चेहऱ्यावर किती दिवस चालवायच्या?

नव्वदीत लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. त्या पैशातून काय उभं राहिलं माहितीये? वेस्टसाइड.